माझ्या दवाखान्याची खुर्ची

मी निघाले तेव्हा अण्णा दारात नव्हते. जीप सुरू झाली होती, आईने हातावर दही ठेवलं होतं, शेजारच्या बायका पदराने डोळे पुसून मोकळ्या झाल्या होत्या, आणि माझे वडील पुढच्या खोलीत एका खुर्चीवर चादर घालत होते. दाताच्या दवाखान्यातली खुर्ची होती ती. पुण्यात एक म्हातारे डॉक्टर प्रॅक्टिस बंद करत होते, त्यांच्याकडून अण्णांनी ती टेम्पोत घालून कराडला आणली होती, मी बीडीएस झाले म्हणून. हिरवं रेक्झिन, पायाने दाबायचं पेडल, डोक्यावर दिवा. उतरवल्यावर नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि अख्ख्या गल्लीने पाळीपाळीने तिच्यात बसून घेतलं. मग मला स्थळ आलं. मुलगा दुबईच्या पुढे रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात केमिस्ट. खुर्चीत एकही पेशंट बसायच्या आत माझं लग्न झालं.

आईने हाक मारली तेव्हा अण्णा बाहेर आले आणि जीपच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "दोन वर्षं ना? जा. धूळ बसू देत नाही मी."

तुमच्यापैकी जे मागे राहिलात त्यांना वाटतं, दुबईकडे गेली म्हणजे सुटली. जे माझ्यासारखे गेलात त्यांना ठाऊक आहे की दोन वर्षं सगळेच म्हणतात, आणि तिकडे उतरल्यावर आपण गावाकडे कोण होतो हे आधी सिद्ध करावं लागतं. माझं घोडं तिथेच अडलं. दातांच्या डॉक्टरला लायसन्स हवं, लायसन्सला मायदेशातला अनुभव हवा, आणि माझ्याकडे इंटर्नशिप सोडून काही नव्हतं. पासपोर्टातल्या व्हिसावर माझ्या नावापुढे 'हाउसवाइफ' असं छापून आलं. प्रकाश, माझा नवरा, म्हणाला, "बघू, होईल काहीतरी." हा माणूस अजूनही तेच म्हणतो.

पण काहीतरी झालं खरं. बाजारातल्या एका मल्याळी डॉक्टरांना क्लिनिकमध्ये लेडी डेंटिस्ट हवी होती, कारण तिथल्या बायका पुरुषासमोर तोंड उघडायला तयार नसत. त्यांनी खटपट करून मला तात्पुरतं लायसन्स काढून दिलं. सहा महिन्यांचं, त्याच क्लिनिकपुरतं, आणि डॉक्टर स्वतः हजर असतील तरच. दारावर माझ्या नावाची पाटी लावायची नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. बुरख्यातल्या म्हाताऱ्या बायका "दक्तूरा, दक्तूरा" करत यायच्या आणि जाताना खजुराची पिशवी ठेवून जायच्या. मुदत संपली की नवा कागद येईपर्यंत मी हात बांधून रिसेप्शनवर बसायचे आणि ठणकणाऱ्या दाढांना "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला" असं सांगायचे. ते पेशंट माझ्यावर चिडायचे, मी त्या कागदावर चिडायचे. तरी त्या वर्षांत मी सुखात होते, सरळ सांगते.

अण्णांचं सायकलचं दुकान होतं. खंडेनवमीला ते पाने, पंप, हातोडी असं सगळं घरी आणून पाटावर मांडून पूजा करायचे. मी गेल्यापासून त्यांच्या शेजारी खुर्चीलाही झेंडूची माळ पडायला लागली. मी सणाला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "खुर्चीला माळ घातली गं." मग पेडलला तेल दिल्याचं, दिव्याचा बल्ब बदलल्याचं सांगायचे. इकडे फोनच्या कार्डातले दिरहॅम पळत असायचे, पण त्यांना मध्येच तोडायची माझी हिंमत नव्हती.

पुढे प्रकाशला दुबईत नोकरी लागली आणि आम्ही शारजात, दुबईच्या वेशीवरच्या अल नहदाला फ्लॅट घेतला. सकाळी तो ट्रॅफिकमध्ये, आमची मुलगी ऋचा स्कूलबसमध्ये आणि मी खिडकीत. तासाभराच्या रस्त्याने माझं लायसन्स रद्दी झालं होतं, कारण ते तिकडचं होतं, आणि क्लिनिकं रस्त्यापलीकडे दुबईत, तिथलं ऑफिस वेगळं. मी अर्ज केला. त्यांनी थांबायला सांगितलं. मी थांबले. ऋचा बालवाडीतून तिसरीत गेली तेव्हा कुठे मला काउंटरवर बोलावलं. फाइल चाळणारा माणूस हैदराबादी होता, आवाज मऊ होता.

"मॅडम, ये सब टेंपररी है. टेंपररी का एक्स्पीरियन्स नहीं गिनते." आणि मग पान उलटून म्हणाला, "ऊपर से इतना गॅप."

लायसन्स मिळत नाही म्हणून मी घरी बसले होते, आणि घरी बसले म्हणून लायसन्स मिळत नव्हतं. मी त्याला हे हिंदीत समजावून सांगितलं. त्याने मान हलवली, त्याला पटलं होतं. "इंडिया जाइए, एक साल खुद की प्रॅक्टिस करिए, लेटर लाइए. फिर देखते हैं." खलास.

सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की व्हिसा जातो. वर्षभर जायचं म्हणजे तो सोडायचा आणि परत नव्याने काढायचा. प्रकाश या वेळी "बघू" म्हणाला नाही. "जा," म्हणाला, "ऋचाचं मी बघतो. नाहीतर तू आयुष्यभर माझं डोकं खाशील." बॅग भरताना मी माझे जुने चिमटे आणि आरसे काढले तेव्हा ऋचा दारात उभी होती. "मॉम, यू आर अ डेंटिस्ट? लाइक, अ रिअल वन?" पोरीला माहीतच नव्हतं. मी हो म्हटलं, पण माझं मलाच ते खोटं वाटलं.

त्या खंडेनवमीला मी फोनवर विचारलं, "माळ घातली का?"

"घातली, घातली," अण्णा म्हणाले आणि बराच वेळ खोकत राहिले. मी सांगितलं की मी येतेय, वर्षभर राहणार, दवाखाना उघडायचाय. ते म्हणाले, "ये. सगळं तयार आहे."

मी पोचले. पुढच्या खोलीत खुर्चीवरची चादर काढलेली होती आणि खुर्चीत अण्णा होते.

गेल्या सुट्टीत ठणठणीत असलेला माणूस. हृदय थकलं होतं, आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. उशा रचून झाल्या, आरामखुर्ची झाली. झोप लागायची ती याच खुर्चीत, कारण ती हवी तेवढी मागे जाते आणि हवी तिथे थांबते. मला कळवायचं नाही अशी आईला शपथ घातलेली. माझ्या नावाची पाटी मात्र रंगवून घेतली होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. मला पाहून ते खुर्चीच्या ट्रेला धरून उठायला लागले.

"उद्या रिकामी करतो गं. तुझी आहे ती."

मी हॉस्पिटलची खाट भाड्याने आणली. अण्णा तक्रार न करता तिच्यावर झोपायला गेले आणि सकाळी काठावर बसलेले सापडले, तोंड निळसर. मीच त्यांना धरून खुर्चीत परत बसवलं आणि पाटी उलटी करून ठेवली. प्रकाश फोनवर म्हणाला, गावात दुसऱ्या कुणाच्या दवाखान्यात जात जा. बोलायला काय जातं? तिथल्या डॉक्टरांच्या डेंटिस्ट झालेल्या सुनाच आधी रांगेत होत्या. आणि खरं सांगू का, अण्णांना सोडून मला कुठे जायचंच नव्हतं. मी रोज त्यांची दाढी केली, त्यांना पेज भरवली, त्यांचे दोन हलणारे दात तसेच राहू दिले. व्हिसा जायच्या आत मी परतले. अनुभव शून्य. काउंटरवर मी पुन्हा गेलेच नाही.

अण्णा त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. विमान, टॅक्सी करून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टर बाजूला उभा असतो, तिथून सगळं हाताशी येतं. आत बसलं की पेडलपर्यंत पाय पोचत नाही. खुर्ची पार खाली उतरलेली होती, हात टेकायच्या जागी रेक्झिन उडालेलं. आई भांडी आवरून आली. तिने पेडलवर पाय ठेवला, बेताबेताने मला वर घेतलं, पाठ थोडी मागे सोडली, मानेखालची उशी सारखी केली. एवढा हलका हात कॉलेजात आमच्या सरांचाही नव्हता.

"आता दम लागतोय का?" तिने विचारलं.

मग तिच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, "नाही आई, आता बरं आहे."

आता मी अल नहदाला असते. लायसन्सचा विषय आमच्याकडे निघत नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की शारजा म्हणते, बोलणं मिटतं. मनात मात्र ती पुढची खोलीच येते. खंडेनवमीला आता आई सांगते, "माळ घातली गं." परवा मी विचारलं की तू झोपतेस कुठे. म्हणाली, "खुर्चीतच. दुसरीकडे डोळा लागत नाही."

तिच्यासाठी पेडल कोण दाबतं, ते मी विचारलेलं नाही.