टँकरच्या दिवशी माइक चालू होता

दुसऱ्या वर्षीही पाऊस पडला नाही, तेव्हा पिशोरकडचे एक धनगर मेंढरं विकून शहरात मजुरीला आले. पुंडलिकनगरात माझ्या खोलीसमोर इमारत उठत होती, तिथं जेवणाच्या सुट्टीत ते उपडं घमेलं वाजवायचे. मी कॉम्प्युटरवर संगीत करायचो, भीमजयंतीच्या गाण्यांना बीट बनवून द्यायचो. एकदा न राहवून बाहेर आलो आणि म्हणालो, "मामा, माझ्याबरोबर वाजवाल का?"

त्यांनी गावाकडून ढोल आणला. रविवारी ते वाजवायचे, मी त्याखाली घरघरणारे सूर सोडायचो. "तुझं मशीन लई सरळ चालतंय," ते म्हणायचे. "मेंढरं अशी चालत नाय."

एका रविवारी रेकॉर्डिंग चालू असतानाच टँकर दारात आला. मामा घागर घेऊन धावले. गल्लीतल्या एकानं त्यांच्या हातातला पाइप ओढला. "बाहेरच्यांना पाणी नाय!" मामा सोडेनात, तेव्हा त्यानं पाइपाचं लोखंडी तोंड त्यांच्या उजव्या हातावर हाणलं. बोटं फुटलेली मला दारातून दिसली. मी माइकचा रिकामा स्टँड उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. तो पडला. चिखलात रक्त होतं, दोन दात होते. मला एवढंच आठवत होतं, आणि त्याचा अभिमानही वाटत होता.

माइक बंद करायचा राहिला होता. दोन दिवसांनी ते सगळं ऐकलं. पडलेला माणूस "बस कर भाऊ, बस कर" म्हणत होता आणि मी हाणतच होतो. घाव मोजले. अकरा. लाज वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, ह्याचं बीट चांगलं होईल. मी ते कापलं, जोडलं, आणि हाताला प्लास्टर घातलेल्या मामांना ऐकवलं.

त्यांनी डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली.

"सोड त्याला, सोड, म्हणून मीच वरडतोय त्यात. तुला ऐकू आलं नाय?"

मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते मला त्या माणसाच्या घरी घेऊन गेले. त्याचा जबडा बांधलेला होता. मी माफी मागितली, तशी त्याच्या बायकोनं चप्पल काढली आणि मला मारू लागली. मी हात आडवा घातला नाही. तिसऱ्या फटक्याला त्यानंच तिचा हात धरला. माफ मात्र केलं नाही.

मामांची दोन बोटं वाकडीच राहिली. आमचं एकच गाणं पुरं झालं. त्यात ढोलाची काठी त्यांच्या डाव्या हातात आहे.