तपासून निर्दोष

आमच्या दुकानात "जुना" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा दंडक आहे. "वापरलेला" चालतो, तोही गिऱ्हाइकाने आधी काढला तर. माल सगळा जुनाच आहे. आयटी पार्कातल्या कंपन्या दर काही वर्षांनी आपले सर्व्हर बदलतात, काढलेले सर्व्हर टेम्पोत भरून हडपसरला आमच्या शेडमध्ये येतात. इथे त्यांच्यातली धूळ उडवायची, आधीच्या कंपनीची माहिती पुसायची, तपासायचे, पुन्हा विकायचे. नव्या सर्व्हरची ऐपत नसलेली कॉलेजं, पतसंस्था, छोटे दवाखाने हे आमचे गिऱ्हाईक.

मी त्या सर्व्हरची नावं लिहिते. म्हणजे लेबलं. आधी कंपनी, मग मॉडेल, मग प्रोसेसर, मेमरी, डिस्क, मग ग्रेड. ए ग्रेड म्हणजे ओरखडासुद्धा नाही. बी ग्रेड म्हणजे ओरखडे आहेत, कामाला अडचण नाही. सी ग्रेडला पोचे असतात आणि मालकांच्या मते सी ग्रेड आमच्याकडे येतच नाही. आला की तो बी होतो.

माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. ऱ्हस्वदीर्घ, काना, मात्रा. छापखाना बंद पडला तेव्हा निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि नवरा आधीच गेलेला. सर्व्हर म्हणजे काय हे मला आजही कोणी नीट विचारू नये. पण मला इथे घेतलं ते एका शब्दापायी.

मालकांनी "वर्किंग स्टॉक"चं मराठी स्वतःच केलं होतं, "चालू माल". सगळ्या खोक्यांवर मोठ्या अक्षरात चिकटवलंही होतं. लोणी काळभोरच्या एका पतसंस्थेचे मॅनेजर सर्व्हर बघायला आले, ते वाचून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आवं शेठ, चालू माल हाय म्हनून तुमीच लिवून ठेवलंय. आता आमी घ्यावा कसा?" अख्खी शेड हसली. मालकांना कळेना काय चुकलं. मग कोणीतरी समजावलं की मराठीत चालू माल म्हणजे कमअस्सल, आणि माणसाबद्दल बोललं तर त्याहून वाईट. त्यानंतर मला बोलावणं आलं.

पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "बाई, असा शब्द द्या की वाचून गिऱ्हाइकाचं मन शांत झालं पाहिजे."

मी फारसा विचार न करता लिहून दिलं, "तपासून निर्दोष". मालक बेहद्द खूश. त्या दिवसापासून शेडमधून बाहेर पडणारं प्रत्येक खोकं निर्दोष आहे.

हा शब्द माझ्या डोक्यात आधीपासून घोळत होता, कारण त्या आठवड्यात मी रोज तोच लिहीत होते. माझी मुलगी लग्न मोडून घरी आली होती. कोर्टाचे कागद झाले, वर्ष उलटलं, आणि मी सदाशिव पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळात तिचं नाव घातलं. तिथल्या बाईंनी माझ्या कागदावरून नजर फिरवली. "नुसतं घटस्फोटित लिहून कसं चालेल? निर्दोष घटस्फोटित लिहा. नाहीतर लोक मेले नाही नाही त्या शंका काढत बसतात." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आहे ना निर्दोष?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मला एकच हवं होतं. माझ्यामागे तिला कोणीतरी असावं. माझे गुडघे गेलेत, येरवड्याहून हडपसरला जायला दोन बस बदलायच्या, मुंढव्याच्या पुलावर बस अडकली की मी उभ्या उभ्या हाच विचार करते. मी गेले की ही पोरगी त्या दोन खोल्यांत एकटी. ती बँकेत आहे, तिचं ती कमावते, मला उलट तीच पोसेल. तरी रात्री घरात दुसरा माणूस हवा की नको? ती म्हणायची नको. मी म्हणायचे, तुला काय कळतंय.

"निर्दोष" तिला पहिल्यापासून खुपत होतं. "आई, मी काय आरोपी होते? सुटले का पुराव्याअभावी?"

"अगं, रीत आहे तशी लिहायची."

"मग दोष कोणाचा होता तेही लिही ना. पत्त्यासकट लिही."

ती अशी बोलायला लागली की मी भांडी घासायला घ्यायचे. पण रोज सकाळी डबा तीच करून द्यायची, मी कितीही नको म्हटलं तरी. पोळीभाजी, वर एखादी चटणी. तेवढं आमचं टिकून होतं.

ती एकदा दुकानात आली तिथे बिनसलं. मी चष्मा घरी विसरले होते, तिला सुट्टी होती, म्हणून ती स्कूटरवरून द्यायला आली. दारात टेम्पो भरत होता. खोकी ओळीने लावलेली, प्रत्येकावर माझं लेबल. ती वाचत वाचत आत आली. मी तिला पाहून हात केला, तर तिने केला नाही.

"हे तू लिहिलंस?"

"हो. मालकांना फार आवडलं."

"माझा शब्द तू या खोक्यांना चिकटवलास?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मालकांनी शब्द मागितला, मी एक इकडून उचलून तिकडे ठेवला होता एवढंच. तिने चष्मा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर डबा नव्हता. मी शेडबाहेरच्या गाडीवरचा वडापाव खाल्ला आणि दुपारभर पोट धरून बसले. पुढेही तसंच चाललं. घरात बोलणं होतं, पण कामापुरतं. गॅस आला का, किल्ली कुठे आहे, झालं.

आणि नेमकं तेव्हाच एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, तोही घटस्फोटित. आई म्हणून माझा जीव भांड्यात पडला. मुलगी म्हणाली, "तुझ्यासाठी बसते समोर. एकदाच. पुन्हा म्हणायचं नाही." मी कबूल केलं. मुलाचा कागद मी सवयीने मुद्रितासारखा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. घटस्फोटित, एवढंच होतं. पुढेमागे काही नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी गूळपोळ्या करायच्या की शिरा, यातच अडकले होते.

रविवारी मुलगा आणि त्याची आई आली. मुलगा बरा होता, बोलका नव्हता. आई फार सभ्य. शिऱ्याची स्तुती झाली, चहा झाला, मग त्यांनी साडीचा पदर नीट केला.

"आपण स्पष्टच विचारलेलं बरं. कागदावर निर्दोष लिहिलंय. म्हणजे आम्ही नक्की काय समजायचं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "सांग ना आई. तूच लिहिलंयस."

दुकानात हा प्रश्न दिवसातून कितीदा येतो! आधी कुठे होता, का काढला, काही बिघाड आहे का. माझं उत्तर ठरलेलं आहे, झोपेतसुद्धा येईल. आणि देवाशपथ, तेच आलं.

"काही दोष नाही हो. आधीच्या ठिकाणी नीटच चालत होती, त्यांनीच बदलली. आमच्याकडे पूर्ण तपासूनच..."

तिथे माझी जीभ थांबली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुलगा खाली बघायला लागला. त्याची आई मात्र मान डोलावत होती! त्यांना ते उत्तर पटलं होतं. त्यांना एवढंच हवं होतं.

"ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "आणि आधीचं सगळं मनातून पुसलं गेलंय ना? म्हणजे पुढे त्रास नको."

मुलगी उठली. कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला. बराच वेळ नळ तसाच वाहत राहिला.

मी छापखान्यात कधी कोणाला उलटून बोलले नाही, सासरी नाही, दुकानात नाही. पण त्या नळाच्या आवाजाने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "तुमच्या मुलाच्या कागदावर निर्दोष का नाही हो लिहिलेलं?"

"अहो, मुलाला कोण विचारतं?"

"मी विचारते. त्याचं कशानं मोडलं? आधीचं पुसलंय का त्याचं? कोणी तपासलंय?"

त्यांनी पर्स जवळ ओढली. "आपण भलतंच बोलताय."

"भलतंच आहेच ते. मघाशी तुम्ही विचारत होता तेव्हाही होतं. माझी पोर चार वर्षं त्या घरात मर मर मरली, आणि मी तिला निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र देत दारोदार फिरतेय. माझंच चुकलं. तुम्ही या आता."

मुलाने जाताना चपला घालत हळूच "सॉरी" म्हटलं. बिचारा. त्याच्याबद्दल माझा काही राग नाही.

सोमवारी मी अर्धा दिवस काढून मंडळात गेले. बाईंना म्हटलं, तो शब्द खोडा. त्या म्हणाल्या, "खोडते. मग स्थळं येणार नाहीत, तेव्हा तक्रार घेऊन येऊ नका." मी म्हटलं, "मग नावच खोडा." त्यांनी लगेच खोडलं. आग्रह बिग्रह काही केला नाही. जिना उतरताना जिवाला घोर लागला तो लागलाच, की मी रागाच्या भरात हिचं उरलंसुरलं दार बंद केलं की काय. अजूनही तो घोर पूर्ण गेलेला नाही.

दुपारी दुकानात येऊन लेबलांचा मजकूर बदलला. निर्दोष काढलं. "तपासला आहे. चालतो. ओरखडे फोटोत पाहावेत." मालक म्हणाले, "बाई, पहिल्यात दम होता." मी म्हटलं, "हवं तर चालू माल पुन्हा लावा." ते नवी लेबलं घेऊन टेम्पोकडे गेले.

हे सगळं मी घरी रात्री जेवताना सांगितलं, मंडळाचं आणि लेबलाचं दोन्ही. तिने ऐकून घेतलं. "आमटी वाढू का?" एवढंच म्हणाली. मी वाढ म्हटलं. तिच्या मनात काय होतं ते मला दिसेना, आणि विचारायची ताकद माझ्यात नव्हती. लवकर आडवी झाले.

सकाळी उठून पाहते तर ओट्यावर डबा. मुलगी बँकेत निघूनही गेलेली. दुकानातले उरलेले कोरे स्टिकर मी घरी आणते, डाळी-मसाल्यांच्या बरण्यांना लावायला. त्यातला एक तिने डब्याच्या झाकणावर चिकटवला होता आणि माझ्यासारखंच ओळीत, ठळक अक्षरात लिहिलं होतं:

"भेंडी. बी ग्रेड. थोडी करपली आहे. कामाला अडचण नाही."

मी तो डबा पिशवीत न ठेवता दोन्ही बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. दुपारी उघडला. भेंडी खरंच करपली होती, चांगलीच. मी सगळी संपवली.