पुंगळ्यांची कल्हई

अलीमियाँला कुठलीही वस्तू नुसती बघता येत नसे. ती आतून कशी आहे, हा प्रश्न आधी त्याच्या बोटांना पडायचा, डोक्याला मग. ओमानमधल्या बरक्यात मासळी बाजाराकडून आत वळणाऱ्या रस्त्यावर पंप दुरुस्तीचं एक वर्कशॉप आहे, तिथे तो लेथ चालवतो. खाऱ्या पाण्याने खाल्लेले शाफ्ट आणि झिजलेले बुश दिवसभर त्याच्यासमोर येऊन पडतात, आणि प्रत्येक तुकडा तो उजेडात धरून असा न्याहाळतो की जणू त्याच्यात कुणी राहत असावं.

"तुमी जेवायला बसलात तरी आधी ताट उलटं करून तळ बघता, अलीभाय," शेजारच्या टेबलावर वेल्डिंग करणारा भिकाजी म्हणायचा. भिकाजी गुहागरचा, अलीमियाँ दापोलीच्या खालचा. खाडी वेगळी, चिडवण्याची रीत एकच.

अलीमियाँचा बाप कल्हईवाला होता. भाता आणि नवसागराची पुडी घेऊन तो गावोगाव फिरायचा. तापलेल्या पितळेवर नवसागर पडला की पांढरा धूर उठे, मग कथलाची कांडी फिरे, आणि काळवंडलेलं भांडं आतून चांदण्यासारखं होई. घराघरांत स्टीलची भांडी आली, बापाचा धंदा बसला. अलीमियाँ लेथ शिकला आणि ओमानला आला. पण पितळ दिसलं की त्याच्या तळहातांना अजूनही ती धग आठवायची.

वर्कशॉपचा मालक खलफान. सगळे त्याला अर्बाब म्हणत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, खजुराची बाग असलेला, सावकाश बोलणारा माणूस. लहानपणापासून भारतीय कामगारांत वावरल्यामुळे त्याला हिंदी येत होतं, वर अरबी शब्दांची फोडणी. एका सकाळी त्याने अलीमियाँच्या टेबलावर एक पिशवी उलटी केली. आतून बोटाएवढ्या लांब, जाड, काळ्या पडलेल्या पितळी पुंगळ्या खळखळत बाहेर आल्या.

"काडतुसं?" अलीमियाँने हात मागे घेतला.

"रिकामी आहेत. माझ्या बाबांची. साफ कर."

मग पुढचा अर्धा तास पंपाचं काम बाजूला राहिलं. खलफानच्या घरी वडिलांची एक इंग्रजी बनावटीची बंदूक होती, शंभरावर वर्षांची. तिची काडतुसं आता सहज मिळत नाहीत. म्हणून म्हातारा उडवलेली प्रत्येक पुंगळी वाळूतून वेचून आणायचा, घरीच तिच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायचा, दारू भरायचा, पुढे शिसं लावायचा. तीच पुंगळी पुन्हा उडायची, पुन्हा वेचली जायची. म्हातारा गेल्यापासून बंदूक भिंतीवर होती. आता थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि खलफानच्या घराण्यात चाल अशी की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी नेमासाठी निशाण लावायचं, आणि पहिली गोळी नवऱ्या मुलाच्या बापाने मारायची. घरच्या बंदुकीने.

"म्हणजे पुंगळी मरत नाही," अलीमियाँ म्हणाला. "नुसती रिकामी होते."

खलफान हसला. खिशातून मोबाइल काढून त्याने त्याला पुंगळ्या पुन्हा भरायची यंत्रं दाखवली. वडिलांकडे होती ती सांडशीसारखी, हातात धरून दाबायची. दुसरं होतं लोखंडी, जड, एका दांड्याचं, टेबलाला बोल्टने आवळायचं. तिसऱ्याला वर फिरती चकती होती; दांडा एकदा ओढला की चार कामं एकदम.

"हेच घ्या!" अलीमियाँचे डोळे चकाकले. "हे तर माझ्या लेथच्या भावासारखं आहे."

"नको. एका वेळी एकच काम करणारं घेणार. मी विसराळू आहे. घाई करणाऱ्या यंत्रावर मी एकाच पुंगळीत दोनदा दारू ओतीन, आणि लग्नाच्या जागी माझी मैयत निघेल."

दारू तोलायचा तराजूही त्याने तसाच निवडला होता, जुन्या पद्धतीचा, दांडीचा. बॅटरीवरचा एसीच्या वाऱ्याने चुकतो म्हणाला. ज्याच्यासमोर श्वासही जपून घ्यावा लागतो असा काटा अलीमियाँने कधी पाहिला नव्हता. परवानग्या कशाकशाच्या लागतात हे त्याला कळलं नाही. खलफानकडे त्याची फाइल भरली होती.

यंत्र यायला अवकाश होता. अलीमियाँने पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात घातल्या. काळेपणा गेला, पितळ पिवळंधमक झालं. तिथे थांबायला हवं होतं. पण समुद्राच्या हवेत ही चमक आठवडाभर टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि अर्बाबचं काम, घरचं लग्न. त्याने वर्कशॉपमागे भट्टी पेटवली. भारतीय दुकानातून आणलेला नवसागर कुटला. एकेक पुंगळी चिमट्याने निखाऱ्यांत धरून त्याने तांबडी होईपर्यंत तापवली, नवसागर मारला, कथील फिरवलं. पांढरा धूर डोळ्यांत गेला. कितीतरी वर्षांनी त्याच्या नाकाला बापाच्या सदऱ्याचा वास आला.

खलफानने पुंगळ्या पाहिल्या. मग एक पुंगळी डोळ्याशी धरून आतली रुपेरी भिंत पाहत राहिला. त्याने ती आपल्या भावांना दाखवली, चहाच्या दुकानात दाखवली. "हमारा अली," म्हणाला. इतक्या वर्षांत 'हमारा' पहिल्यांदा.

यंत्र आलं तेव्हा ते बसवायला अलीमियाँच गेला. बागेतल्या खोलीत सागवानी टेबल होतं, त्याला भोकं पाडून त्याने ते आवळलं. खलफानने पुंगळी खाली ठेवली आणि दांडा त्याच्या हातात दिला. "ओढ. फुगलेली पुंगळी पुन्हा मापात येते."

अलीमियाँने ओढला. पुंगळी साच्यात गेली, अगदी सहज, लोण्यात बोट जावं तशी. त्याच्या मनगटाला काहीतरी खटकलं. पितळ इतकं मुकाट्याने ऐकत नाही. त्याने दुसरी घातली. तीही तशीच.

"छान चाललंय," खलफान म्हणाला, आणि शिकवण्याच्या भरात पुढे बोलत गेला. पुंगळीचं तोंड मऊ असावं, म्हणजे ते शिशाला धरतं. बूड मात्र कडक हवं, कारण सगळा स्फोट बुडावर येतो. म्हणून बाबा कधीतरी नुसतं तोंड शेकायचे, आणि बूड पाण्यात बुडवून ठेवायचे. बूड तापलं की खलास. पुढे बंदुकीत फाटतं, आणि आग मागे येते. "इथे," तो म्हणाला, आणि आपल्या गालावर, डोळ्याखाली, बोट ठेवलं.

अलीमियाँने दांडा सोडला. तोंडाला आलेले शब्द परत आत गेले. भट्टीत त्याने काय केलं ते खलफानला माहीत नव्हतं. ती रुपेरी चकाकी चिंचेने आणि कसल्याशा थंड लेपाने आली असं तो समजत होता. आणि तो 'हमारा अली' म्हणाला होता. मी नुसता टर्नर, अलीमियाँने स्वतःला समजावलं, मला बंदुकीतलं काय कळतं? जाताना मात्र त्याने एक पुंगळी मागून घेतली. बघायला.

दुसऱ्या सकाळी वर्कशॉपमध्ये त्याने ती पुंगळी व्हाइसच्या जबड्यात बुडाकडून धरली आणि हँडल जरासं फिरवलं. बूड पिकलेल्या खजुरासारखं दबलं. मग पंपाच्या नव्या पितळी बुशचा तुकडा धरला आणि तेवढंच फिरवलं. बुश ढिम्म हलला नाही.

"काय मारताय त्याला?" भिकाजीने डोळ्यांवरची काच वर केली.

"भिका, इकडे ये. भिंग घेऊन ये."

दोघे वाकले. पुंगळीच्या अंगावर, उभी, केसाएवढी एक रेघ होती. नखाला लागत होती.

"ओरखडा असेल," भिकाजी म्हणाला.

"ओरखडा वरून येतो. ही आतून आलीय. नवसागराने खाल्लंय." अलीमियाँने भिंग खाली ठेवलं. "बापाच्या काळी एखाद्या हंड्याला अशी रेघ यायची. बाप म्हणायचा, पितळ रागावलंय. त्या हंड्यात फार तर पाणी असायचं, रे."

"मग अर्बाबला सांगा ना. त्यात काय?"

"त्याच्या बापाच्या पुंगळ्या आहेत. सगळ्या मी भाजल्या."

भिकाजीने भिंग उचलून पुसलं. मग म्हणाला, "न सांगता पिशवी समुद्रात टाकून दिली तर? म्हणायचं, चोरी झाली."

"आता त्याच्याकडे आहेत त्या. तो भरतोय."

नसीबाला, त्याच्या बायकोला, त्याने गावी फोन लावला तेव्हा तो हे काही सांगणार नव्हता. पण तिने आवाजावरून ओळखलं.

"अवो, तुमी भांड्याला कल्हई केलीत का बंदुकीला?" ती आधी हसली. मग तिला कळलं. "तो मानूस तोंडाजवळ धरनार ती?"

"गालाला लावून."

"मंग मला कशाला फोन करताय? त्याला करा."

फोनवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो बागेकडे निघाला. रस्त्याकडेला माजलेल्या खजुराच्या पानांवर धूळ बसली होती. आपण उशिरा पोहोचलो तर काय दिसेल, हा विचार त्याने मनात येऊ दिला नाही. तरी आला, आणि त्या विचारालाही आतून बघायची त्याला सवय होती. फाटलेलं बूड कसं उघडत असेल? पाकळ्यांसारखं की पत्र्यासारखं? त्याला स्वतःची किळस आली. तो भराभर चालू लागला.

खलफान अंगणात होता. गाडीचं दार उघडं, मागच्या सीटवर बंदूक, कापडात गुंडाळलेली. कमरेच्या पट्ट्यात भरलेली काडतुसं ओळीने चमकत होती.

"बरं झालं आलास. डोंगराकडे निघालोय, निशाण जमवून बघतो. चल, यल्ला."

"अर्बाब, नको." अलीमियाँला धाप लागली होती. "मी त्या भट्टीत घातल्या होत्या. सगळ्या. बुडासकट. तांबड्या केल्या."

खलफानला आधी समजलं नाही. अलीमियाँने दबलेली पुंगळी त्याच्या हातावर ठेवली आणि रेघ दाखवली. कल्हई म्हणजे काय, ते सांगितलं. नवसागर सांगितला. खलफान ऐकत उभा राहिला. मग पट्ट्यातलं एक काडतूस काढून तो उन्हात फिरवू लागला, आणि त्याला तसलीच एक रेघ दिसली. त्याने गाडीचं दार लावलं.

"काल माझ्यासमोर दांडा ओढलास. तेव्हा कळलं होतं?"

"शंका आली होती."

"आणि गप्प बसलास."

अलीमियाँने मान खाली घातली. खलफान ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खोलीत गेला. बराच वेळ लावून त्याने भरलेली काडतुसं एकेक करून मोकळी केली. शिसं वेगळं, दारू वेगळी, टोप्या वेगळ्या. अलीमियाँ दारात उभा. त्याला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. शेवटी खलफान सगळ्या रिकाम्या पुंगळ्या टोपलीत घेऊन बाहेर आला आणि शेडमधल्या ऐरणीकडे बोट केलं.

"तू केलंस, तूच मोड. एकही राहता कामा नये. उद्या माझी मुलं या चकाकीला भुलून भरतील."

अलीमियाँने हातोडा घेतला. खलफान समोर बसून एकेक पुंगळी देऊ लागला. देण्याआधी तो प्रत्येकीचं बूड बघे. बुडाच्या काठावर कानशीने मारलेले बारीक काप होते. काळं पितळ घासताना अलीमियाँला ते झीज वाटले होते.

"प्रत्येक भरणीला बाबा एक काप मारायचे," खलफान म्हणाला.

"मग काप फार झाले की?" अलीमियाँच्या तोंडून निघून गेलं. विचारायची ही वेळ नव्हती.

खलफानने वर पाहिलं. डोळे लाल होते. "फेकत नव्हते. काठाला जागा उरली नाही की आईला द्यायचे. ती त्यांत सुया ठेवायची." त्याने पुंगळी ऐरणीवर ठेवली. "मार."

अलीमियाँने मारलं. मऊ झालेलं पितळ फारसा आवाज न करता चपटं झालं, आतलं कथील कडेने जरासं बाहेर आलं.

"नव्या पुंगळ्या मागवू," अलीमियाँ म्हणाला. "मी विचारतो कुठे..."

"लग्नाच्या आत येणार नाहीत. मी भावाच्या बंदुकीने मारीन." खलफानने पुढची दिली. "लोक विचारतील, बापाची बंदूक का नाही आणली. मी काही सांगणार नाही. तू यायचं, माझ्याशेजारी उभं राहायचं, आणि तू सांगायचं."

"सगळ्यांना?"

"जो विचारेल त्याला."

अलीमियाँने मान हलवली, पुंगळी ऐरणीवर आडवी धरली आणि हातोडा उचलला.