तेविसावी चाल

घोडेगावच्या अलीकडे एका छोट्या चर्चमध्ये पुंजाराम मास्तर बत्तीस वर्षं पायपेटी वाजवत होते. मिशन शाळेतल्या मडमबाईंनी त्यांना पोरवयात पेटी शिकवली आणि मायदेशी जाताना, भात्याला दोन ठिगळं लावलेली ती पेटी चर्चला देऊन टाकली. आठवडाभर शाळेत पाढे, रविवारी उपासनेत पेटी, आणि उरल्या वेळात नव्या गीतांना चाली लावणं, हा मास्तरांचा संसार. खरा संसार त्यांची बायको बनुबाई करायची.

बावीस गीतांना त्यांनी चाली लावल्या होत्या. मंडळी पुस्तक उघडून ती म्हणत, पुस्तक मिटत, आणि दारात चपला घालेपर्यंत विसरून जात. एकही चाल कुणाच्या तोंडी बसली नाही, याचं मास्तरांना फार वाईट वाटे. पुढच्या वर्षी ते पेटीवरून उठणार होते. त्याआधी आपलं एक तरी गाणं लोकांनी घरी न्यावं, एवढीच त्यांची आस होती.

साल बहात्तरचं. शेतात काही पिकलं नव्हतं, तरी पाळकसाहेबांनी हंगामाच्या आभाराची उपासना ठरवली आणि मास्तरांकडे नवं गीत मागितलं. शब्द जमले, चाल काही केल्या सुचेना. बनुबाई दुष्काळी कामावर जायची; एके दुपारी मास्तर तिची भाकरी घेऊन तिथं गेले. तिथंच कामाला असलेली बायडाबाई खडी फोडता फोडता जात्यावरची ओवी गात होती. ओळीच्या शेवटी तिचा आवाज अशा एका सुरावर टेकायचा, की मास्तर भाकरी द्यायचीच विसरले.

"बायडाबाई, पुन्हा म्हणा बरं."

"हातोडी थांबली की माझं गानं थांबतं, मास्तर. बसा, तुमीबी फोडा."

मास्तर बसले. चार दिवस शाळा सुटली की खडी फोडली, अंगठा ठेचून घेतला, पण ओवी गळ्यात उतरवली. पेटीवर मात्र तो शेवटचा सूर सापडेना. तो राहतो तरी कुठं, या विचारानं त्यांचं वर्गातही लक्ष लागेना. शेवटी त्यांनी बायडाबाईलाच चर्चमध्ये बोलावलं. ती पदर सावरून पेटीशी उभी राहिली.

मास्तरांनी काळी पट्टी दाबली.

"ह्यो न्हाई."

शेजारची पांढरी दाबली.

"आता पुढं गेलात. मधला."

"मधे पट्टीच नाही, बाई."

"मग नगा वाजवू. ज्यांचा हाय ते म्हनतील की."

मास्तरांना हे पटलं: त्या सुराशी पेटी थांबवायची, तो सूर मंडळींनीच लावायचा. पण या चर्चची एक रीत होती: पेटी थांबली की गीत संपलं, खाली बसायचं. बत्तीस वर्षांत ही सवय मास्तरांनीच लावलेली. यावेळी बसू नका, असं आधी सांगून ठेवावं, हे मात्र त्या शहाण्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी पहिल्या कडव्याच्या शेवटी, त्या सुराशी मास्तरांनी हात उचलले, आणि सगळी मंडळी खाली बसली. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले.  तरी मास्तरांनी भाता मारला आणि दुसरं कडवं धरलं. मंडळी एकमेकांकडे बघत पुन्हा उठली. पुन्हा ती जागा आली, पुन्हा हात उचलले, आणि पुरुष पुन्हा बसले.

बनुबाई उभीच होती. डोळे मिटून तिनं तो सूर लावला, बिनचूक, मधला. जन्मभर जातं ओढलेली बाई. तिला तो कुणी शिकवायचा? मग बायकांच्या बाजूनं एकीचे दोन, दोनाचे वीस गळे झाले. तिसऱ्या कडव्याला कुणी बसलं नाही. पाळकसाहेब स्वतः ओळ चुकत चुकत गात होते.

मंगळवारी मास्तर पाण्याच्या टँकरपाशी हंडा घेऊन उभे होते. पुढं रांगेतल्या दोघी-तिघी तेच गुणगुणत होत्या. त्यातली छबूबाई तर कधी चर्चची पायरी चढलेली नव्हती.

"कुनाचं गं ह्ये गानं?" मागच्या एकीनं विचारलं.

"कुनाचं म्हंजी? जुनंच हाय," छबूबाई म्हणाली. "लई जुनं."

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. वाईट वाटलं? वाटलं, घटकाभर. मग इतका आनंद झाला की त्यांचा नंबर आला तरी त्यांना कळेना, मागच्यांनी त्यांना पुढं ढकललं. घरी येऊन त्यांनी गीतांची वही काढली. तेविसाव्या गीतावर चाल कुणाची ते लिहायच्या जागी त्यांचं नाव होतं. ते त्यांनी नीट आडवी रेघ मारून खोडलं आणि वर लिहिलं, जुनी चाल.