एका वाकळंतले चुंबक

ओल्या हळदीकुंकवाचा वास आला की मला परभणीच्या आमच्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आठवते. खंडेनवमीला तिथली सगळी उपकरणं पूजेला मांडायची पद्धत होती आणि मांडणी प्रयोगशाळेतले शिपाईमामा करायचे. त्या वर्षी त्यांनी सगळ्या पट्टीचुंबकांची लाल टोकं देवाच्या फोटोकडं केली. चुंबक काही शेजारी बसेनात, म्हणून नाडा घेऊन करकचून बांधले. पुढं विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंदच राहिलं. उघडलं ते आमच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर, आणि नाडा सोडला तर एकही चुंबक टाचणी उचलेना. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. मामा रडवेले होऊन म्हणाले, "लय मनापासून बांधले होते हो सर." आमचे भौतिकशास्त्राचे सर रागावले नाहीत. त्यांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी मागवली, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात एकेक चुंबक घातला, आणि टाचण्या पुन्हा टपाटप चिकटल्या. मग त्यांनी एकाचं लाल टोक दुसऱ्याच्या निळ्या टोकाशेजारी, असे ते पेटीत ठेवले. "असे राहिले तरच जोर टिकतो," सर म्हणाले. मामा पेटीत डोकावून म्हणाले, "म्हणजे एका वाकळंत दोन भाऊ निजवल्यावानी, याचं डोकं तिकडं, त्याचं इकडं!" आता मी सिलिकॉनच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे स्फटिक वाढवते. मोठ्या चुंबकानं सगळ्यांची चुंबकी टोकं एका दिशेला वळवते. तो बाजूला केला की शेजारशेजारच्यांची टोकं आपोआप एकमेकांच्या उलट होतात. विद्यार्थी कारण विचारतात. मी आधी वाकळ सांगते, गणित मागून.