बीबीजानचं फ्लेक्सचं दार

चहा बशीत ओतायचा आणि बशी दोन्ही हातांत धरून बसायचं. प्यायची घाई नाही, आधी बोटं शेकायची. मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर उलटा घालायचा, बटणं पाठीवर, म्हणजे छातीत वारा शिरत नाही. तांब्याची तार दातानं तोडायची. दुसऱ्या कुणी तोडली तर त्याला शिव्या घालायच्या. प्रत्येक मोटारीला तिच्या मालकाच्या नावानं हाक मारायची. कुणी सलाम करो की रामराम, जबाब एकच: "आधी दार लाव."

युसूफ वडगावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बीबीजान विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायची. जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, वरून वार्निश. हे काम तिनं नवऱ्याशेजारी बसून उचललं आणि त्याच्यामागं एकटीनं चालवलं.

मोटारी जळतात त्या थंडीत. गहू, हरभरा पाण्याला आलेला असतो. सगळे एकदम बटण दाबतात, व्होल्टेज उतरतं. नेमकं तेव्हाच शेड गारठतं. बोटं वळत नाहीत. वार्निश चिकट राहतं, आणि ओल्या वार्निशची मोटार विहिरीवर नेली की पुन्हा जळते.

पुतण्या हारिसनं बीडहून हीटर आणला. तो लावला की घरातले दिवे मिणमिणायचे, आणि बिल पाहून बीबीजानचे डोळे. शेगडीचा प्रश्नच नव्हता. वार्निशच्या डब्याजवळ निखारा म्हणजे आपल्या हातानं घराला काडी.

"थंडी हाय तवर बंद ठेवा, चाची," हारिस म्हणाला.

"मग गव्हाला सांग, उन्हाळ्यात पाणी पी म्हणावं."

तिनं ऊब विकत घ्यायचं सोडलं. असलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच ठरवलं. भंगारातून मेलेला फ्रिज आणला, आत पिवळा बल्ब लावला आणि मोटारी त्यात वाळायला ठेवल्या. भिंतींना आतून जुने फ्लेक्स दाभणानं शिवले, मागं सोयाबीनचं भुसकट कोंबलं. राहिलं दार. पत्र्याचं दार लावलं की अंधार, उघडलं की वारा. फ्लेक्समधून उजेड तरी येतो. म्हणून दारालाही फ्लेक्स. पोटाशी मोटार धरलेल्या माणसाला खांद्यानं आत शिरता यावं म्हणून तिनं तो मधोमध चिरला.

मधोमध बंकटभाऊंचं नाक होतं.

बंकटभाऊ गावचे पुढारी. फ्लेक्स त्यांच्या वाढदिवसाचा. वाढदिवस सरल्यावर वाऱ्यानं तो गटारीत पाडला होता. दारावरच्या त्या नाकाचा कुणीतरी फोटो काढला, तो गावभर फिरला, आणि भाऊंचा उजवा हात अजिनाथ शेडवर आला.

"खाला, हे काढा."

"कावून?"

"भाऊंच्या नाकातून माणसं ये-जा करतेत. बरं दिसतं का?"

"भाऊ गटारीत पडले व्हते तवा कुटं व्हतास तू? मी धुतले त्यांना. साबणानं."

"मस्करी नका करू. लोक हसतेत."

"खाली काय लिवलंय, वाच की. सदैव जनतेच्या सेवेत. मग? वारा अडवतेत. एवडी सेवा त्यांनी आजवर केली न्हाई."

आत वत्सलाबाई आपल्या मोटारीची वाट बघत बसली होती. तिचा गहू पाण्यावाचून माना टाकत होता. तरी ती फिसकन हसली. ते अजिनाथला झोंबलं. त्यानं फ्लेक्स ओढून फाडला, गुंडाळला आणि गाडीवर टाकून नेला.

वारा सरळ आत आला. बीबीजान जागची उठली नाही. बोटं काखेत धरली, काढली, पुन्हा तार घेतली. वेढा सुटला. तिनं पुन्हा घातला. पुन्हा सुटला.

"राहू दे गं," वत्सलाबाई म्हणाली. "उद्या कर."

"तुझा गहू ऱ्हातो का उद्यापतुर?"

वत्सलाबाई घरी गेली आणि कडब्याच्या गंजीवरचा फ्लेक्स ओढून घेऊन आली. तोच वाढदिवस, तेच नाक. भाऊंनी फ्लेक्स गावभर लावले होते, आणि गावानं ते कामाला लावले होते. पाठोपाठ शेजारची भिवराबाई आली. तिनं खुराड्यावरचा काढला होता.

"कोंबड्या हागल्यात भाऊंवर," ती म्हणाली. "तेवडं पुसून घे."

दिवस मावळायच्या आत दार उभं राहिलं, आणि या वेळी दुहेरी. बीबीजाननं कात्री घेतली.

"या बारीला कडंनं चीर की," वत्सलाबाई म्हणाली. "उगी कशाला वाकडं?"

"मोटार घेतलेला माणूस मदूनच शिरतो." बीबीजाननं नाक चिरलं.

वत्सलाबाईची मोटार वाळली. गव्हाला पाणी बसलं. आणि मग अजिनाथची मोटार जळाली. केजच्या मोटार भरणाऱ्याकडं रांग होती. तो मोटार पोटाशी धरून त्या दारासमोर उभा राहिला.

"कोण हाय?"

"मी, अजिनाथ. खाला, कडंनं उचलून येऊ का?"

"कडंनं वारा येतो. नाकातून ये."

त्याला भाऊंना हात जोडायचे असावेत, पण हात मोटारीत गुंतले होते. त्यानं नुसती मान वाकवली आणि खांदा घातला.

"सलाम, खाला."

"आधी दार लाव."

दाराखाली वीतभर फट उरली होती. वारा पायांना लागायचा. फ्लेक्सचा काठ दुमडायचा, त्यात वाळू भरायची आणि शिवून टाकायचा, म्हणजे दार जड होईल, असं तिनं ठरवलं होतं. अजिनाथची मोटार भरून फ्रिजमध्ये ठेवली त्या संध्याकाळी ती काठ शिवायला बसली. निम्मा झाला. "बाकीचा सकाळी," म्हणाली आणि घरात गेली.

सकाळी ती उठली नाही. फ्रिजमधला बल्ब चालू होता.

मयतीला बंकटभाऊ आले. शेडच्या दारावरचं आपलं चिरलेलं नाक त्यांनी पाहिलं. काढा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तरी कुणी काढलं नसतं.

दार डावीकडं जमिनीला टेकतं. उजवीकडं फडफडतं. काठ जिथं थांबला तिथं दाभण टोचलेलं आहे, दोरा ओवलेला.