बोटांत बोटं

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक हवालदार आणि एक तरुण कैदी बोटांत बोटं गुंतवून बसले होते. न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय बेडी घालता येत नाही, म्हणून हा हात. माणसाची अब्रू जपणारा कायदा आपल्याकडे पाळला जातो, हे बघून मला बरं वाटलं. पण शेजारी उभी असलेली त्याची आई म्हणाली, "चार वर्सं झाली आत हाय. खटला अजून सुरूच न्हाई." गुन्हा सिद्ध झालेला नसताना चार वर्षं! बेडी तेवढी घालायची नाही आणि पोराचा जन्म मात्र खुशाल कुजू द्यायचा? माझा नुसता संताप झाला, पण ऐकवणार कुणाला?

तेवढ्यात कोर्टाचा पट्टेवाला बाहेर आला. "साहेब रजेवर आहेत. पुढची तारीख घ्या."

हवालदार उठला, तसा पोरगाही उठला. आई पुढे झाली. "दादा, गाडीपतूर मी धरू का त्याचा हात?"

हवालदाराने मान खाली घातली. "नियमात बसत नाही, मावशी."

चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो कायदा एवढ्यासाठी मात्र लगेच हजर झाला.